हातही न लावता

लो आयाऊला हाँगकाँगच्या गोऱ्यांनी कॅन्टनच्या हाकिमाच्या हवाली केलं, त्या कराराचा कागद मी लिहिला. कॅन्टनच्या इंग्रज वकिलातीत मी चिनी दुभाषी कारकून. आयाऊ होडीवाला, त्याच्यावर आळ चाचेगिरीचा.

आमच्याकडे आरोपीने स्वतः कबूल केल्याशिवाय शिक्षा होत नाही. म्हणून कबूल होईपर्यंत झोडतात. गोऱ्यांना हे रानटी वाटतं. याच शहरावर त्यांनी तोफा डागल्या, गल्ल्याच्या गल्ल्या जाळल्या, ते मात्र सुधारलेपण.

तीन महिने पत्रं गेली-आली. शेवटी हाकिमाने शिक्का मारला: आरोपीच्या अंगाला कुणी हात लावणार नाही, चौकशीला वकिलातीचा साहेब हजर राहील, तीन बैठकांत कबुली आली नाही तर आरोपी हाँगकाँगला परत जाईल. आणताना बोटीवर मी आयाऊला बजावलं, तीन बैठका तोंड शिवून बस, सुटलास.

दोन बैठका तो गुडघ्यांवर बसून राहिला. हाकिम चहा पीत राहिला. आमचा पेल्हॅम साहेब डास मारत राहिला.

तिसऱ्या बैठकीला शिपायांनी आयाऊच्या आईला आणलं. साक्षीदार म्हणून. घरच्यांनाही पिळायचं, ही हाकिमाच्या कचेरीची रोजची रीत. लहानपणापासून बघत आलो, इतकी रोजची की कागदात घालायची मला सुचलीच नाही. मी एकट्या आरोपीला वाचवून मिशीवर ताव देत होतो.

म्हातारीच्या बोटांत काड्या घातल्या आणि दोन्हीकडून दोरी ओढली.

मी साहेबाला म्हणालो, थांबवा. त्याने कागद मागितला, बोट फिरवत वाचला आणि विचारलं, यात बाईचं नाव कुठे आहे? नव्हतंच.

हाकिम माझ्याकडे बघून हसला. "फंग, मसुदा तुझाच ना? छान आहे. तुझ्या आयाऊला कुणी शिवलंय का, सांग तुझ्या साहेबाला."

दोरी पुन्हा ओढली. आयाऊ म्हणाला, "सोडा तिला. मीच लुटलं जहाज."

जहाज लुटलं त्या दिवशी तो आमच्याच धक्क्यावर मासळी उतरवत होता. मी स्वतः त्याच्याकडून मासे घेतले होते. गप्प राहिला की सुटेल, म्हणून हे मी आधी बोललो नव्हतो; आता हाकिमाला सांगितलं. तो म्हणाला, कबुलीनंतर साक्ष घेत नाहीत.

म्हातारी जमिनीवरून ओरडली, "गाढवा, या बोटांनी मी आता किती जाळी विणणार होते? गप्प बसता येत नव्हतं तुला?"

"नव्हतं, आई."

त्याने अंगठा उमटवला. त्याचं डोकं जाणार, हे तिथल्या झाडूवाल्यालाही कळलं.

साहेबाने मला तिथेच अहवाल लिहायला सांगितला: कैद्याला हातही लावला नाही, कबुली स्वखुशीने दिली. मी लेखणी खाली ठेवली. तो म्हणाला, "फंग, यात खोटं काय आहे?"

मी म्हणालो, "काहीच नाही. म्हणून तुम्हीच लिहा."

त्याने लिहिलं.