नकलेच्या पाठीवरच्या दोन तारखा

थर्मामीटर वाजला तेव्हा खोली इतकी शांत होती की ठमीपेक्षा मीच जास्त दचकले. तिच्या काखेतून काढून पाहिला. एकशे तीन. कपाळावरच्या ओल्या फडक्याची घडी उलटवली आणि पुन्हा तिचा हात हातात घेऊन बसले.

"आई."

"आहे गं बाळा. इथेच आहे."

दर दहा मिनिटांनी अशी हाक. काही हवं नसायचं तिला. मी जागेवर आहे ना, एवढीच खात्री करून घ्यायची आणि पुन्हा डोळे मिटायचे.

असे पाच दिवस गेले. तिचे बाबा दौऱ्यावर होते. त्याच पाच दिवसांत कोर्टाच्या नक्कल विभागात, खिडकीमागच्या फळीवर, एका निकालाची नक्कल तयार होऊन माझी वाट पाहत पडली होती.

माझ्या दारावरच्या पाटीवर दिवाणी, फौजदारी, कौटुंबिक, घरभाडे, अपघात, सगळंच लिहिलेलं आहे. ज्यांच्या हाताखाली मी आठ वर्षं शिकले ते सर म्हणायचे, "आपलं किराणा दुकान. गिऱ्हाईक सुई मागो नाहीतर साबण, नाही म्हणायचं नाही." त्यामुळे कुंपणावरून भांडणारे भाऊ माझ्याकडे, सायकलवरून पाडला गेलेला पोस्टमन माझ्याकडे, आणि शेजारच्या कुत्र्यावर अब्रूनुकसानीचा दावा लावायचाच म्हणून अडून बसलेले एक काकाही माझ्याकडे.

चष्मेवालीही अशीच पाटी वाचून जिना चढून आली होती. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासते. बोटांच्या पेरांत कायम पांढरी पूड. नवऱ्यापासून वेगळी झालेली, मुलगी ठमीहून सहा महिन्यांनी लहान. नवऱ्याला परदेशात नोकरी लागली आणि खालच्या कोर्टाने मुलीला सोबत न्यायची परवानगी त्याला देऊन टाकली. त्या निकालावर अपील, एवढीच एक वाट उरली होती.

"थांबेल ना ती?" तिने विचारलं होतं.

"लढण्यासारखं आहे," मी म्हणाले होते. आणि तसं ते होतंच.

अपिलाला मुदत तीस दिवसांची. निकालाची नक्कल मिळायला जितके दिवस लागतात तितके त्यात वाढवून मिळतात. ते दिवस मोजायचे कसे, तर नकलेच्या पाठीवर शिक्का असतो, त्यात दोन तारखा: वर नक्कल तयार झाली कधी आणि खाली दिली कधी. मोजायचं तयार झालेल्या तारखेपर्यंत. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पण मी नक्कल नेहमी तयार होईल त्याच दिवशी नेते. सरांनी लावलेली सवय. इतक्या वर्षांत त्या दोन तारखा माझ्या एकाही नकलेवर वेगळ्या नव्हत्या, म्हणून मी वर पाहतच नसे. खालची तारीख पाहायची, बोटांवर दिवस मोजायचे, मोकळं व्हायचं.

ठमीचा ताप उतरल्यावर नक्कल आणली, खालची तारीख पाहिली, बोटांवर दिवस मोजले. अपील मन लावून लिहिलं. मुदत संपायला दोन दिवस आहेत अशा समाधानात ते दाखल करायला गेले.

खिडकीतल्या कारकुनाने नक्कल पालथी केली. चष्मा कपाळावर सरकवला.

"वकीलबाई, तीन दिवस उशीर आहे."

"छे हो. दोन दिवस बाकी आहेत."

"तुम्ही नेली कधी हे नका सांगू. तयार कधी झाली ते वाचा." आणि मग आवाज उतरवून, "तुमच्याकडून असं कसं झालं?"

मी वाचलं. वरची तारीख खालच्या तारखेच्या पाच दिवस आधीची होती.

उशीर माफ व्हावा म्हणून अर्ज केला. कारणाच्या जागी खरं तेच लिहिलं: वकिलाची मुलगी आजारी होती, वकिलाने दिवस चुकीचे मोजले. न्यायाधीशबाईंनी तो शांतपणे वाचला. समोरच्या बाजूला नोटीस काढली आणि चौदा दिवसांनंतरची तारीख दिली.

"मॅडम, मुलीचं विमान नवव्या दिवशी आहे," मी म्हणाले. "पुढच्या तारखेपर्यंत तिला नेऊ नये एवढा तरी हुकूम द्या."

"उशीर माफ झाल्याशिवाय तुमचं अपीलच जन्माला येत नाही. मग मी हुकूम कशात देऊ?" त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

नवव्या दिवशी मुलगी गेली.

चौदाव्या दिवशी समोरच्या वकिलाने हरकतसुद्धा घेतली नाही. कशाला घेईल? उशीर माफ झाला. दोन मिनिटं लागली.

आज दुपारी चष्मेवाली आली. ठमी माझ्या टेबलाखाली बाहुल्यांची शाळा भरवून बसली होती. मी खुर्ची पुढे केली, ती उभीच राहिली.

"आता अपील चालेल?"

"चालेल. पण मुलगी तिकडे, आणि तिकडचं कोर्ट आपलं ऐकेलच असं नाही. वर्षं जातील." मग जे आधीच सांगायला हवं होतं ते सांगितलं. "चूक माझी होती, ताई. तुम्ही माझ्याविरुद्ध तक्रार करू शकता. कुठे करायची ते मी लिहून देते."

तिने नाही म्हणून मान हलवली. "तुमची मुलगी तापाने फणफणली होती. मीही उठले नसते."

पर्समधून एक कागद काढून तिने टेबलावर ठेवला. "हा त्यांच्या वकिलाकडे पोचवाल? तिला औषध चमच्याने चालत नाही, वाटीनं द्यावं लागतं. ताप आला की डावा कान धरून झोपवायचं. त्यांना यातलं काही ठाऊक नाही."

कागदाच्या कडेला पांढरी पूड लागली होती. ती जिना उतरेपर्यंत मी तो हातात धरून उभी होते.

टेबलाखालून शाळा सोडून ठमी बाहेर आली. माझ्या कमरेला बिलगून कागदाकडे पाहत राहिली.

"आई, तिकडे तिला ताप आला आणि तिने 'आई' म्हणून हाक मारली, तर कोण येणार?"