बंबाची काच

मी एक जुना आगीचा बंब आहे, मित्रांनो. खराखुरा नव्हे. तळहातावर मावेन एवढा, प्लास्टिकचा, लालभडक. आजवर मला एकही आग विझवता आलेली नाही आणि गेले काही महिने तर मी स्वतःच जळतो आहे. कुणावर, ते सांगतोच. पण आधी जन्म सांगायला हवा, कारण आमच्या घरात सगळे रीतसर करायची पद्धत आहे. आधी कागद वाचायचा, मग हात लावायचा.

पायरी १. सर्व भाग चौकटीतून सोडवून घ्या.

मी खोक्यातून आलो. वेलीला शेंगा लगडाव्यात तसे माझे भाग प्लास्टिकच्या चौकटींना लगडलेले होते आणि वर एक घडीचा कागद होता. ज्यांनी मला जोडले त्यांना आता घरात बाबा म्हणतात. तेव्हा ते कुणाचेच बाबा नव्हते. चष्म्याच्या दुकानात नुकतेच लागले होते. लोकांच्या काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, हे त्यांचे काम. दिवसभर लोकांच्या काचा आणि संध्याकाळी मी. ते माझा एकेक भाग कापत, कडा कानसीने गुळगुळीत करत, आधी कोरडाच जोडून बघत आणि मग गोंद लावत. त्यांचा हात इतका स्थिर होता की चिमट्यात धरलेला माझा इवलासा आरसा कधी थरथरला नाही.

पायरी ४. शिडी निवडा : आखूड किंवा लांब. एकच लावा.

ही पायरी लक्षात ठेवा.

माझ्या खोक्यात दोन शिड्या होत्या. पाण्याच्या नळीची रिळेही गरजेपेक्षा दोन जास्त होती. बाबांनी लांब शिडी निवडली. आखूड शिडी आणि जास्तीची रिळे बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात गेली. त्या डब्यात दुसऱ्या खोक्यांतले उरलेसुरलेही होते : एका विमानाचा पंख, रेल्वेच्या डब्याची चाके, अर्ध्यात सोडलेल्या पाणबुडीच्या दोन फाकी. मला तेव्हा काही वाटले नाही. कापलेल्या नखांसाठी कुणी रडते का?

पायरी ९. समोरची काच लावा.

बाबांचे खरे कसब इथे दिसले. प्लास्टिकची काच नाजूक असते. झटपट चिकटणारा गोंद तिला लावला की त्याच्या वाफेने ती आतून पांढरी होते, कायमची. म्हणून काचेसाठी वेगळा, दुधासारखा गोंद असतो. तो सावकाश वाळतो आणि मग दिसतही नाही. बाबांनी बाटलीवरची बारीक अक्षरे मोठ्याने वाचून खात्री केली आणि मला काच लावली. तेव्हापासून जग मला स्वच्छ दिसते आहे.

पुढे माझे दिवस सुखाचे गेले. बाहेरच्या खोलीत काचेचे कपाट आहे. त्याच्या मधल्या फळीवर, छोट्या दिव्याच्या बरोबर खाली माझी जागा. कागदाप्रमाणे पूर्ण झालेल्यालाच कपाट मिळेल, हा बाबांचा नियम. पाहुणे येत, वाकून बघत, माझ्या शिडीच्या पायऱ्या मोजू लागत आणि मध्येच चुकत. आई लग्नाआधी पहिल्यांदा घरी आली तेव्हा म्हणाली होती, हा बंब आधीच दाखवला असता तर होकाराला इतके दिवस लावले नसते. हे वाक्य मी अजून जपून ठेवले आहे.

मग हळूहळू टेबलावरचा पसारा थांबला. बाबा नवी खोकी आणीनात. वेळ मिळत नाही, म्हणायचे. मला कपाटातून वेगळेच दिसत होते. ते कागद डोळ्यांपासून लांब धरत, आणखी लांब धरत, शेवटी हातच पुरेनासा झाला. दुकानात भिंग लावलेला दिवा होता, म्हणून तिथे निभावत होते. आई एकदा म्हणाली, "जगाच्या नाकावर चष्मे चढवता आणि स्वतःचं नाक मोकळं." त्यावर बाबांचे उत्तर ठरलेले असायचे : डोळ्यांना काही झालेले नाही, हल्ली अक्षरेच बारीक छापतात.

*इथे कागद संपतो.*

म्हणजे माझा. कारण आता जे आले त्याला कागदच नव्हता.

त्यांच्या मुलीला घरात भिंगरी म्हणतात. का, ते तिला एका जागी बसवून बघा म्हणजे कळेल. एका सुट्टीच्या दुपारी तिने बिस्किटांचा डबा टेबलावर पालथा केला आणि पाणबुडीच्या दोन फाकी एकमेकींना चिकटवल्या. खालून चाके लावली, चाकांसारखी नव्हे, आडवी. एकच पंख होता, तो तिने सरळ वर उभा केला.

"ते रेल्वेच्या डब्याचं चाक आहे," बाबा पेपराआडून म्हणाले.

"नाही. ते इंधनाचं झाकण आहे."

"आणि पाणबुडी?"

"पाणबुडी कुठाय? हे यान आहे."

मी हसलो असतो, हसता आले असते तर. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसे उचलला भाग लावला यानाला. पण मग तिने डब्याच्या तळातून माझी आखूड शिडी काढली आणि यानाच्या पाठीवर, शेपटापासून डोक्यापर्यंत, कण्यासारखी बसवली. माझी दोन रिळे मागे लावली. ती इंजिने झाली.

मित्रांनो, माझीच नखे, आणि ती आता ताऱ्यांकडे निघाली होती.

त्या दिवसापासून माझे चित्त थाऱ्यावर राहिले नाही. माझी लांब शिडी इतकी वर्षे मिटलेली आहे. तिला कुठल्या खिडकीपर्यंत पोचायचे आहे, हे कुणी ठरवलेच नाही. आणि ती आखूड, नाकारलेली, तिला मात्र आख्खे आकाश. मग भिंगरीने सगळ्यावर एकसारखा राखाडी रंग फवारला आणि पाणबुडी, रेल्वे, विमान, बंब ही ओळखच पुसली गेली. एक नवेच अंग तयार झाले. जणू ते पहिल्यापासून तसेच होते. आईने शेजारच्या काकूंना बोलावून दाखवले. काकू येताना माझ्यासमोरूनच आल्या. थांबल्या नाहीत.

"याला कपाटात जागा मिळेल?" भिंगरीने विचारले. तिने सहज विचारल्यासारखे केले, पण तिच्या हातातला ब्रश थांबला होता. त्या घरात कपाटात जाणे म्हणजे काय, हे तिला माझ्याइतकेच ठाऊक होते.

"आधी पूर्ण होऊ दे. कागद नाही, काही नाही, कुठे काय चुकेल सांगता येत नाही," बाबा म्हणाले. "आणि मधली जागा बंबाची आहे."

माझी छाती फुगली.

"बंब सरकवता येतो की," भिंगरी म्हणाली.

फुगा फुटला.

आता फक्त समोरची काच राहिली होती. डब्यात विमानाची एकच काच होती, फुगीर, थेंबासारखी. भिंगरी ब्रश धुवायला आत गेली तेव्हा बाबा उठले. काच नाजूक काम आहे, ती मी लावतो, असे त्यांनी इथूनच ओरडून सांगितले. मला वाटते, त्यांच्या बोटांना फार दिवसांपासून काम हवे होते. टेबलावर दोन बाटल्या होत्या, सारख्या उंचीच्या, सारख्या टोपणाच्या. बाबांनी एक उचलली. लांब धरली. डोळे बारीक केले. आणखी लांब धरली. मग खांदे उडवले आणि टोपण काढले.

मला दिसत होते. ती दुधाळ गोंदाची नव्हती. मला ओरडता येत नाही. आणि ओरडता आले असते, तरी मी...

असो.

सकाळी काच आतून पांढरी झाली होती. यानाला मोतीबिंदू झाला होता. भिंगरीने बाहेरून पुसून पाहिले, फुंकर घालून पाहिली. मग ती खुर्चीवर बसली, चक्क एका जागी बसली.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "धूळ बसू नये म्हणून मी रात्री वर वाटी पालथी घातली होती, आत वाफ कोंडली असेल. कागद असता तर कळलं असतं."

बाबांनी बाटली उचलून खिडकीच्या उन्हात धरली. उन्हात अक्षरे त्यांना लागली असावीत, कारण त्यांचा चेहरा उतरला. एक वाक्य बोलले असते तर पोरीच्या डोक्यावरचे ओझे उतरले असते.  पण त्यांनी बाटली खाली ठेवली, जेवणाचा डबा घेतला आणि ते दुकानात गेले.

भिंगरीने यान मोडायला घेतले. सगळ्यात आधी शिडी निघाली. माझी शिडी, पुन्हा बिस्किटांच्या डब्यात, टण्कन वाजली. मी ज्याची वाट बघत होतो ते हेच. मधली जागा माझीच राहणार होती. दिवा माझ्याच डोक्यावर राहणार होता. तरी तो टण् आवाज मला दिवसभर ऐकू येत राहिला आणि गोड लागेना.

संध्याकाळी बाबा आले ते नाकावर चष्मा घेऊनच. पातळ कडांचा, जवळचे बघायचा. आई काहीतरी बोलणार असे मला वाटले. तिने फक्त पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाली, "शोभतोय."

बाबा सरळ भिंगरीजवळ जाऊन बसले.

"वाटीमुळे नाही झालं ते," ते म्हणाले. "गोंद मी चुकीचा लावला. नाव वाचता आलं नाही मला."

भिंगरी त्यांच्याकडे वळली. "मग मला विचारायचं ना."

"लाज वाटली."

"चष्म्याची? तुम्ही तर दिवसभर तेच विकता."

आत आईच्या हातातले भांडे खणखणले. ती हसत होती. मग बाबाही हसले, चष्मा घसरला, तो त्यांनी वर ढकलला. नवा चष्मा लागलेली सगळी माणसे तसेच करतात.

दोघांनी मिळून शिडी परत लावली. ती जुन्या जागी बसेना, कारण कडांवर रंग चढला होता आणि रंगावर गोंद धरत नाही. बाबांनी रंग खरवडून दाखवला, मग बसली. पण काच? पांढरी झालेली उचकटून काढावी लागली. डब्यात दुसरी नव्हती. भिंगरीने हळूच कपाटाकडे पाहिले. बाबांनीही पाहिले.

नाही, मी मनात म्हणालो. नाही. शिडी घ्या, रिळे घ्या, काच नाही.

बाबांनी मला बाहेर काढले. मऊ ब्रश पाण्यात बुडवला आणि माझ्या काचेच्या कडेने फिरवला. पुन्हा फिरवला. इतक्या वर्षांचा दुधाळ गोंद मऊ झाला आणि काच सुटली. एक ओरखडासुद्धा नाही.

"बरोबर गोंदाने लावलेली काच परत निघते," बाबा म्हणाले.

त्यांनी ती जवळ धरली होती, मित्रांनो. अगदी नाकाजवळ. आणि मला जोडले त्या दिवसांसारखे त्यांचे हात स्थिर होते.

काच घासायची नाही म्हणून यानाचेच तोंड कानसीने मोठे केले. आधी कोरडी बसवून पाहिली. मग भिंगरीने बाटलीवरचे नाव मोठ्याने वाचले, बाबांनी मान डोलावली आणि माझी काच यानाच्या तोंडावर बसली. भिंगरीने दिवा लावला. ते यान इतके सुंदर दिसले की मला त्याचा राग राग आला.

मी टेबलाच्या कडेला उभा. तोंड उघडे, चालकाच्या जागेवर वारा. बाबांना माझी आठवण आहे की नाही, तेही कळेना.

पायरी ९. समोरची काच लावा.

बाबांनी खिशातून एक पाकीट काढले. दुकानात टांगलेल्या नव्या चष्म्यांना साध्या प्लास्टिकच्या काचा असतात, नुसत्या दिसायला. खऱ्या काचा बसवताना त्या काढून टाकतात. बाबांनी स्वतःच्या चष्म्यातल्या त्या काचा फेकल्या नव्हत्या. त्यांतली एक त्यांनी कात्रीने कापली, घासली, कोरडी बसवून पाहिली आणि मला लावली.

हा भाग माझ्या कागदात नाही. म्हणजे मीही आता उरल्यासुरल्यातलाच.

मग बाबांनी मला स्वतःच्या हाताने सरकवले, डावीकडे. दिव्याचा निम्मा उजेड माझ्यावर पडतो, निम्मा यानावर. तिकडचा निम्मा थोडा जास्तच आहे, हे मी रोज बघतो. माझा जळफळाट संपलेला नाही. फक्त आता यानाकडे बघितले की समोर माझीच काच चमकते, पाठीवर माझीच शिडी दिसते, आणि नेमके कुणावर जळायचे ते कळेनासे होते.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी वाचताना कागद लांब धरत असेल, तर हसू नका. जवळ जाऊन बसा आणि बाटलीवरचे नाव वाचून दाखवा. उरलेले भाग फेकू नका. त्यांना कुठे जायचे आहे, ते त्यांनाही अजून ठाऊक नसते. आणि कधी आमच्या कपाटाशी आलात तर शिडीवरची धूळ पुसा. मऊ ब्रशने, सावकाश.

आधी माझी. यानाची नंतर.