गच्चीच्या दाराची अर्धी वीट

“त्या विटेला हात लावू नकोस गं. वाऱ्यानं दार आपटलं की जिन्याच्या बाजूची कडी आपोआप पडते.” शिवणकाम करणाऱ्या मावशींनी असं बजावलं, तेव्हा त्यांच्या वरच्या मजल्यावर राहणारी तान्ह्या बाळाची आई “हो हो, माहितीये” म्हणत पुढे निघून गेली. मित्रांनो, ती वीट म्हणजे मी. मी एक जुनी, अर्धी वीट आहे.

भट्टीतून निघाले तेव्हा अख्खी होते, खणखणीत वाजत होते. ही इमारत पुरी होत आली असताना गवंड्यानं थापीच्या एका घावात माझे दोन तुकडे केले. एक तुकडा भिंतीत बसला आणि मार्गी लागला. मी उरले. तेव्हापासून गच्चीचं दार उघडं धरून ठेवणं एवढंच माझं काम. कौतुक म्हणाल, तर ज्यांच्या अंगठ्याला माझी ठेच लागली त्यांनी माझी आठवण काढली. कोणत्या शब्दांत, ते विचारू नका.

माझं अर्धं अंग जिन्यात, अर्धं आभाळाखाली. माणसं वर येतात, कपडे वाळत घालतात, फोनवर भांडतात आणि उतरतात. मान वर करून बघणारं क्वचितच कोणी.

ही आई तर मुळीच नाही. तिचा सगळा जीव सात महिन्यांच्या बाळात. बाळ शिंकलं की ही ताप मोजणार. शांत झोपलं, तर नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघणार.

एके दुपारी बाळाला झोपवून, दुधाच्या बाटल्या गॅसवर उकळत ठेवून ती कपड्यांची बादली घेऊन वर आली. घराचं दार नुसतं ओढून घेतलेलं, फोन ओट्यावर. “दोन मिनिटांत येते,” असं तिनं झोपलेल्या बाळाला सांगितलं असणारच. वारा होता, चिमटे कमी पडले. दुपटं उडायला लागलं. तिनं इकडेतिकडे पाहिलं, मला उचललं आणि कठड्यावर पसरलेल्या दुपट्यावर ठेवलं. मला बोलता आलं असतं तर!

मला ठेवताना तिची नजर वर गेली. सूर्याभोवती भलंमोठं खळं पडलं होतं. आतून तांबूस, बाहेरून निळसर. कोणीतरी आभाळावर ताट पालथं घालून कडेनं रंग फिरवावा तसं. तिनं तळहातानं सूर्य झाकला आणि बघतच राहिली. महिनोन्महिने कानाशी चढलेले तिचे खांदे हळूच खाली आले.

आणि धाडकन दार आपटलं. आत कडी पडल्याचा आवाज मी ओळखला.

तिनं दार ढकललं, बडवलं. कठड्यावरून वाकून हाका मारल्या. खाली रस्ता भरून माणसं चालली होती, पण एकानंही वर पाहिलं नाही. पातेल्यातलं पाणी आटत असणार, बाळ आत एकटं. मग तिनं मला उचललं आणि पाण्याच्या टाकीतून खाली उतरणाऱ्या लोखंडी नळावर हाणायला सुरुवात केली. तीन ठोके, थांबायचं, पुन्हा तीन ठोके. माझा एक कोपरा उडाला. उडू दे म्हटलं.

मावशींचं मशीन थांबलं असावं. जिन्यात पावलं वाजली.

“मावशी, आधी माझ्या घरात जा! गॅस बंद करा!”

पावलं खाली गेली. त्यानंतरचा वेळ किती लांब होता, ते मी वर्षानुवर्षं एका जागी बसलेली वीट असूनही सांगू शकत नाही.

कडी निघाली. मावशी बाळाला कडेवर घेऊन उभ्या होत्या आणि बाळ त्यांच्या गळ्यातली मोजपट्टी चघळत होतं.

“पाणी आटलं होतं, एक बाटली वाकडी झालीय. बाकी सगळं ठीक,” त्या म्हणाल्या. “तुझ्या चपला वर जाताना ऐकल्या, उतरताना ऐकल्याच नाहीत. म्हटलं, बाई उडाली की काय.”

आई बाळाला छातीशी धरून रडायला लागली. “मी आभाळ बघत बसले हो मावशी. माझंच चुकलं.”

“आभाळ बघितलंस ते बरं केलंस. वीट हलवलीस ते चुकलं. दोन्ही एकात कालवू नकोस.” मग मावशींनी स्वतः मान वर केली. “अगं बाई! हे असलं रोज असतं की काय वर?”

आता चिंध्या जोडून मावशींनी मला लाल अंगरखा शिवलाय. त्यावर मोठ्या टाक्यांत लिहिलंय, ‘हलवू नये’. आई रोज बाळाला घेऊन पाच मिनिटं वर येते. गॅस बंद करून, फोन खिशात ठेवून. उतरताना, कोणी वर अडकायला नको म्हणून, टाकीमागे डोकावून विचारते, “कोणी आहे का?”

मित्रांनो, तुमच्याही जिन्यात कोणाच्या तरी चपला वर गेल्या असतील. खाली आल्या का, तेवढं जरा बघून या.