भिंतीकडे तोंड केलेला तक्ता

मित्रांनो, मी बेलापूरजवळच्या एका हायस्कूलमधला जुना कापडी तक्ता आहे. माझी पाठ साऱ्या गावाने वाचली आहे. तोंड मात्र बरीच वर्षे भिंतीकडे होते. ते का, हे सांगताना आजही मला लाज वाटते.

माझा जन्म पुण्याच्या एका छापखान्यात झाला. शरीरसंबंधातून पसरणारे आजार कसे टाळावेत, हे माझ्यावर ठळक अक्षरांत छापले होते. आपण मुलांच्या उपयोगी पडणार, या कल्पनेने मी हुरळून गेलो होतो.

विज्ञानाच्या सुहास सरांनी मला नववीच्या वर्गात उलगडले. मागच्या बाकांवर खसखस पिकली. मुलींनी माना खाली घातल्या. सरांचे कान लाल झाले. "हे घरी वाचा, परीक्षेला येत नाही," म्हणत त्यांनी मला गुंडाळले. घरी काय वाचणार? मी तर शाळेतच होतो.

पुढे माझी कोरी पाठ कुणाच्या तरी नजरेत भरली. मला भिंतीवर उलटे टांगून दहावीत पहिले येणाऱ्यांची नावे तिच्यावर लिहायची पद्धत पडली. सव्वीस जानेवारीला पाहुणे माझ्यापुढे उभे राहून फोटो काढत. कौतुक सारे पाठीचे, आणि मी भिंतीचा चुना हुंगत बसे. मलाही वाटू लागले, आपल्या तोंडावर काहीतरी वाईटच छापलेले असणार.

त्या नावांत अजिनाथ होता. तो सुप्याला कारखान्यात लागला, आरतीशी त्याचे लग्न झाले. एकदा शाळा सुटल्यावर तो सरांना भेटायला आला. वर्ग रिकामा होता, तरी त्याने दार लोटून घेतले.

"सर, दुसऱ्या कुनाला इचारायची लाज वाटती. लग्नाआधी मला खाली जखम झाल्ती. एकाकडनं पुड्या घेतल्या, जखम गेली. मी गप बसलो. आता आरती पोटुशी हाय अन् तिच्या अंगावर चट्टे उठल्यात. माझ्यामुळं आसंल का?"

याचे उत्तर माझ्या तोंडावर छापलेले होते. जखम गेली तरी आजार अंगात राहू शकतो, जोडीदाराला होतो, पोटातल्या बाळालाही होतो. दोघांनी तपासून घ्यावे, औषध पूर्ण करावे. पण सर आणि अजिनाथ माझ्या पाठीसमोर उभे होते.

"आजच तिला घेऊन सरकारी दवाखान्यात जा," सर म्हणाले. "काही लपवू नकोस."

अजिनाथ दारात थांबला. "सर, हे आमाला शिकवलं हुतं का? का माझंच ध्यान नव्हतं?"

सरांची नजर माझ्या पाठीवरच्या त्याच्या नावाकडे गेली.

नवरा-बायको दोघांवर उपचार झाले. आरती बरी झाली. बाळ मात्र वाचले नाही.

ते कळल्यावर सरांनी मला खिळ्यावरून काढले आणि नववीपुढे सुलटे टांगले. कंडोम हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज चिरकला. पोरे हसली. सर थांबले नाहीत.

ज्ञानेश्वरी नावाची मुलगी उभी राहिली. "सर, आजार दिसतच नसंल तर वळखायचा कसा?"

"तपासणी करूनच. तोंडाकडे बघून कुणालाच कळत नाही."

मित्रांनो, मला जपून ठेवू नका. बोटे लावा, मळवा, फाटलो तरी चालेल. हसू आले तर हसा, पण शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मला वेळेवर कुणी वाचले असते, तर अजिनाथच्या अंगणात आज एक बाळ रांगत असते.