साडेदहाची चिठ्ठी

रंगनाथचा थोरला भाऊ बन्सीधर दुकानाच्या ओट्यावर बसून रिकाम्या बाटल्यांत रॉकेल भरत होता, आणि आत रंगनाथ कानाला हेडफोन लावून त्याच रॉकेलाची खबर पोलिसांच्या वायरलेसवर ऐकत होता. मध्ये एका भिंतीचं अंतर. अठ्ठ्याहत्तरचा ऑगस्ट नुकता लागला होता. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव होऊन आठवडा झाला होता, आणि ते विद्यापीठ कुठल्या दिशेला आहे हे ज्यांना सांगता आलं नसतं ते लोक खडकउमरीत कुऱ्हाडींना धार लावत होते.

रेडिओदुरुस्ती हा रंगनाथचा धंदा आणि दूरदूरच्या लहरी धुंडाळणं हा नाद. या नादातला त्याचा जोडीदार म्हणजे ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतले शिक्षक भगवानराव. दोघांनी मिळून श्रोता मंडळ काढलं होतं. पाथरी, गंगाखेड, बोरी धरून सभासद अकरा, आणि 'कानोसा' नावाचं चारपानी सायक्लोस्टाइल मासिक. कुठलं परदेशी स्टेशन किती मीटरवर लागलं, कुणाला कुठल्या स्टेशनचं पोचेचं कार्ड आलं, असला मजकूर. जगभरचे हे छंदी लोक वेळ लिहितात ती ग्रीनिचची, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागची, तशीच कानोशातही. हात इतका सरावला होता की रंगनाथनं एकदा दुरुस्तीच्या पावतीवरही तीच वेळ टाकली आणि गिऱ्हाईक साडेपाच तास ओट्यावर तिष्ठत बसलं.

दुपारी दोनच्या सुमारास हेडफोनमध्ये ठाण्याचा आवाज आला. "चार वाजता गावकरी वस्तीवर जाणार अशी खबर आहे. गाडी पाठवा." थोडी खरखर झाली, मग वरून उत्तर आलं. "गाडी नाही. उद्या सकाळी बघू."

रंगनाथनं हेडफोन काढून ठेवला. ओढा ओलांडायला पाच मिनिटं पुरली असती. पण ओट्यावर भाऊ, चावडीपुढं साठ-सत्तर माणसं, आणि आदल्याच दिवशी शेजारच्या गावात वस्तीवर खबर देणाऱ्या एका सालगड्याला झाडाला बांधून त्याचे दोन्ही पाय मोडले होते. रंगनाथ भ्याला. सरळ सांगायचं तर भ्यालाच, आणि भित्र्या माणसाला हुशारी फार लवकर सुचते.

त्यानं कागदावर लिहिलं, '१०.३० ला येणार. पोलीस नाहीत. निघा.' भगवानराव साडेपाच तास मिळवून बरोबर चार वाचतील आणि दुसऱ्या कुणाच्या हाती लागली तर त्याला वेळ कळायची नाही, या अकलेवर तो स्वतःच खूष झाला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! मळक्या धोतरात चिठ्ठी गुंडाळून त्यानं ती परटीण सगुणाबाईला दिली.

"सगुणामाय, वढ्यावर चाललीस तर भगवानरावाच्या घरी दे एवढं."

तोंडी एक शब्दही सांगितला नाही, कारण सगुणाबाईच्या तोंडात तीळ भिजत नसे.

भगवानराव घरी नव्हतेच. ते सकाळीच बंदोबस्त मागायला तालुक्याला गेले होते, हे रंगनाथला मागाहून कळलं. चिठ्ठी वाचली ती त्यांच्या बायकोनं, मालनबाईनं. दुपार उलटून गेल्यावर साडेदहा म्हणजे रात्रीचेच असणार. तिनं वस्तीत निरोप फिरवला, दिवस मावळला की निघायचं, तोवर वाटेसाठी भाकरी करून घ्या. बायका चुलीपुढं बसल्या.

चार वाजता जमाव ओढ्यात उतरला. रंगनाथ मागून चालत होता आणि त्याचा जीव बराच निवांत होता. वस्ती रिकामी असणार. छपरं जळतील, छपरं पुन्हा शाकारता येतात.

बन्सीधरनं पेटती बाटली पहिल्या घरावर फोडली. पाचटाचं छप्पर भडकलं आणि आतून पीठ माखल्या हातांच्या बायका बाहेर धावल्या. दारातच काठ्या बसू लागल्या. डोक्यात काठी बसल्याचा आवाज रंगनाथनं तोवर कधी ऐकला नव्हता. त्या पाऊण तासात तो ओळखीचा झाला. भगवानरावांचे वडील किशनराव अंगणात दोरीनं वळकटी बांधत होते. बन्सीधरच्या कुऱ्हाडीचा पहिला घाव त्यांच्या खांद्यात गेला.

"आरं, आमी चाललोच हावोत की," म्हातारा म्हणाला.

दुसरा घाव मानेवर बसला. मालनबाई सासऱ्यावर आडवी पडली, तेव्हा कुणाच्या तरी काठीनं तिच्या मनगटाचं हाड बाहेर आलं. रंगनाथनं धावत जाऊन भावाच्या कमरेला मिठी घातली. बन्सीधरनं कोपरानं त्याचे दोन दात पाडले, त्याला रक्ताच्या चिखलात लोटलं आणि तो पुढच्या घराकडं वळला. एकवीस घरं जाळून, विहिरीत रॉकेल ओतून गाव जेवायला परत गेलं.

मालनबाई सासऱ्याच्या प्रेताशी बसली होती. चांगल्या हातानं तिनं कनवटीची चिठ्ठी काढली.

"भाऊजी, ही तुमचीच ना?"

रंगनाथ तोंडातलं रक्त थुंकत ग्रीनिचचं सांगू लागला. साडेपाच तास, मंडळाची रीत. बोलता बोलता त्याची त्यालाच लाज वाटली आणि तो थांबला.

"तुमच्यातलं घड्याळ मला काय ठावं?" ती म्हणाली. "निस्ती हाक मारायची व्हती. वढ्याच्या त्या आंगानं मारली आसती, तरी आमी भाकरी टाकून निघालो आसतो."

ती रडली नाही आणि तिनं त्याला शिवीही दिली नाही. दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

सकाळी पोलिसांची गाडी आली. तिच्यातूनच भगवानराव उतरले आणि वडिलांच्या उशाशी जाऊन बसले. ओढ्यापलीकडं अख्खं गाव उभं होतं. जमादारानं वही काढून विचारलं, "कुणी पाहिलं?" वस्तीतली माणसं पलीकडं बघत राहिली.

रात्रभर तिथंच बसलेला रंगनाथ उठला. "म्या पाहिलं. बन्सीधर आबासाहेब. माझा सख्खा भाऊ. कुऱ्हाड त्याची."

"हळू सांगा, मी लिहून घेतोय," जमादार म्हणाला.

रंगनाथनं आवाज उतरवला नाही. पलीकडं बन्सीधरनं पाण्यात पाऊल टाकलं, तरी तो एकेक नाव मोठ्यानं घेत राहिला. भगवानरावांनी मान वर केली नाही. ते वडिलांच्या मानेवरच्या माश्या हाकत होते.