फोटोंच्या ओळीत टांगलेला आरसा

मी एक जुना आरसा आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेलो आहे. आरसा म्हणजे भिंतीवर गप्प राहून समोरचं दाखवणारा, एवढंच तुम्हाला ठाऊक असेल. गप्प राहिलो म्हणूनच तर माझी सतरा वर्षं फुकट गेली. आता बोलतो. कोणाला राग आला तर येऊ दे.

माझा जन्म रायपूरच्या गुढियारीतला. राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झाली, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. बंडू फ्रेमवाल्याने मोठ्या काचेवर हिऱ्याच्या पेनाने रेघ ओढली, टक् करून मला वेगळं केलं आणि सागवानी चौकट बसवली. मला घ्यायला आला दयाराम. रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरी, घर मूळचं भंडाऱ्याकडचं, उंची चांगली सहा फूट. बंडूने मला कागदात गुंडाळताना त्याला बजावलं होतं, "भैया, खिळा ठोकाच्या आधी भाभीले समोर उभं करजा. तिच्या डोळ्यासमोर आला पाह्यजे."

"हव हव," म्हणाला दयाराम. कसलं हव!

घरी बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो भिंतीवर होता. दयारामने सुतळी ताणली, पेन्सिलने रेघ मारली आणि त्याच ओळीत मला दोन खिळ्यांवर सपाट ठोकलं. मग मागे सरून म्हणाला, "पाह्य कलावती, कशी लाईन आली. रुळावानी." कलावती म्हणजे त्याची बायको. ती दयारामच्या खांद्यालाही लागत नव्हती. अहो, फोटो मान वर करून बघायचे असतात. त्यांची जागा वरच. पण मी काय फोटो आहे? माझ्यात बघणाऱ्याने स्वतःला बघायचं असतं! एवढी साधी गोष्ट त्या भल्या माणसाच्या डोक्यात शिरली नाही.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, बाया बघायला आल्या. दर रविवारी दयाराम मला ओल्या पेपरने पुसायचा आणि माझ्यासमोर ऐटीत दाढी करायचा. त्याचा चेहरा माझ्यात अगदी मधोमध यायचा. कलावतीची मात्र रोजची कसरत. पाय टेकून उभी राहिली तर मला नुसता तिचा भांग दिसे. टाचा उचलल्या की कपाळ आणि डोळे. तेवढ्या वेळात ती टिकली लावायची आणि टाचा खाली. वेणी अंदाजाने, पदर अंदाजाने. मी रोज म्हणायचो, अगं बाई, बोल ना त्याला! ती बोलली नाही. मग पावसाळ्यात भिंत ओलावली, माझा एक कोपरा काळा पडला, आणि दयारामचं रविवारचं पुसणंही बंद झालं. ते मी सोसलं. दुर्लक्षाचा मला राग नाही. राग आहे तो पुढच्या गोष्टीचा.

दीपमाला त्यांची मुलगी. मी आलो तेव्हा दोन वर्षांची होती, आता एकोणीस पूर्ण झाली. उंची आईपेक्षा चार बोटं जास्त, म्हणजे टाचा उचलून तिला स्वतःचं नाक दिसायचं. बारावीनंतर ती नोकरी शोधत होती. एका दुकानात मुलाखतीला गेली, तर तिथली मॅडम म्हणाली, "बेटा, चेहरा बड़ा दिखता है, थोड़ा सेट करके आया करो." पोरीने घरी येऊन हे सांगितलं आणि माझा पारा चढला. चेहरा मोठा म्हणजे काय? कोणी मोजला?

पण पोरीच्या मनाला ते लागलं. पुढचं बोलावणं तेलीबांध्याच्या एका दवाखान्यातून आलं, रिसेप्शनच्या कामाचं. सोमवारी सकाळी दहा वाजता. अशी जागा पुन्हा लवकर निघायची नव्हती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पाऱ्यातली विमलादीदी लग्नासाठी गावी गेलेली, तिच्या पार्लरला कुलूप. मग रविवारी दुपारी दीपमालाने मोबाईलवर व्हिडिओ लावला आणि ठरवलं, चेहरा लहान दिसावा म्हणून कपाळावर बँग्स, म्हणजे भुवयांपर्यंत झुलपं, आणि गालांजवळ उतरत्या लेअर्स, सगळं घरीच कापायचं.

व्हिडिओतल्या मुलीसमोर आरसा कसा होता माहीत आहे? कमरेपासून डोक्यापर्यंत. आणि इथे मी, फोटोंच्या ओळीत! दीपमाला जमिनीवर उभी राहिली तर केसांची टोकंच दिसेनात. तिने बादली पालथी घातली आणि वर चढली. आता कपाळ माझ्या वरच्या काठाबाहेर गेलं. मग ती बादलीवर गुडघे वाकवून, मान खाली घालून उभी राहिली. केस ओले. समोरची बट दोन बोटांत धरली, भुवईशी नेली, कात्री लावली. मी ओरडत होतो, पोरी, मान सरळ कर! ओले कापू नको, वाळले की वर चढतील! कोणाला ऐकू जाणार? त्यात बादली कलंडली आणि डाव्या बाजूला कात्री भलतीच वर गेली.

ती खाली उतरली, मान सरळ केली, केस वाळले. बँग्स भुवईच्या पार वर, अर्ध्या कपाळावर. डावीकडे त्याहून आखूड. एका गालाजवळची बट कानापाशी, दुसरी हनुवटीपाशी. ती टाचा उचलून माझ्यात बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात दयाराम घरात आला. "काय करून ठेवलं हे? काय अवदसा आठवली तुले?" तो कडाडला. "घोडी झाली, पण अक्कल नाही. असं थोबाड घेऊन उद्या कुठीच जाऊ नको. लोक हासतीन."

"नहीं जाऊँगी," दीपमाला रडत म्हणाली. "कहीं नहीं जाऊँगी मैं."

मित्रांनो, मला तळपाय नाहीत, तरी तळपायाची आग मस्तकात गेली! ज्याने खिळा ठोकला तोच पोरीला अक्कल शिकवत होता. वाटलं, खाली पडून फुटून जावं. पण फुटून काय होणार, वर अपशकुनाची ओरड झाली असती.

आवाज ऐकून कलावती अंगणातून आत आली. तिने पोरीकडे पाहिलं, पालथ्या बादलीकडे पाहिलं, मग कितीतरी वेळ माझ्याकडे पाहिलं. सतरा वर्षांत तिने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

"पोट्टीले काहून बोलता?" ती म्हणाली. "तिची चूक नाही. खिळ्याची चूक आहे. ते पेटी सरकवा इकडं."

दयाराम काही बोलेपर्यंत ती बादलीवर चढली आणि दोन्ही हातांनी मला उतरवलं. लोखंडी पेटीवर मला भिंतीला टेकवून ठेवलं आणि दीपमालाला समोर खाली बसवलं. "लहानपणी तुहे झुलपं कोण कापत होतं? मीच. मांडीत घेऊन. मान सरळ ठेव, हालू नको." मग तिने कोरडे केस विंचरले आणि कात्री उभी धरून टोकाटोकाने, अगदी तांदूळभर कापत गेली. आखूड राहिलेला डावा भाग तिने कानाकडे उतरता केला, दुसरी बाजू त्याच्या जोडीला आणली. बँग्स लांब कुठून करणार? त्या आखूडच राहिल्या. पण सरळ झाल्या, आणि पोरीचे डोळे छान उघडे दिसू लागले.

कात्री ठेवताना कलावती लेकीच्या मागून वाकली आणि तिला मी दिसलो. म्हणजे ती स्वतःला दिसली. सगळीच्या सगळी. तिने हनुवटीला हात लावला, मग गळ्याला. "बाई वं," ती हळूच म्हणाली, "माही हनुवटी माह्या मायसारखी झाली. अन् मले पत्ताच नाही."

दयारामने मान फिरवली. मला वाटतं, त्याला लाज वाटली. वाटायलाच हवी होती!

त्याच संध्याकाळी कलावतीने स्वतः भिंतीवर दोन नवे खिळे ठोकले आणि मला तिच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगलं. दयाराम कुरकुरला, "मी दाढी कशी करू मंग?"

"वाका," ती म्हणाली. "सतरा वर्ष मी टाचा उचलल्या, तवा कोणी विचारलं मले?"

सोमवारी सकाळी तो वाकून दाढी करत होता. गालाला थोडं खरचटलं. मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

दीपमाला मात्र पेटीवर बसून राहिली होती. साडेआठ वाजले, नऊ वाजले. शेवटी ती उठून माझ्यासमोर उभी राहिली, टाचा टेकून. हाताने बँग्स सारख्या केल्या, ओढणी घेतली आणि निघाली.

दुपारी परतली तेव्हा कलावती दारातच उभी होती. "काय झालं वं?"

"पहली तारीख से बुलाया है," दीपमाला म्हणाली. "एक मॅडम ने पूछा, बाल कहाँ कटवाए? मैंने बोल दिया, घर में. मम्मी ने काटे."

कलावतीने पदर तोंडाला लावला आणि आत येऊन माझ्यासमोर उभी राहिली. हसताना आपण कशा दिसतो, हे ती चाळिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा बघत होती.

लोक म्हणतात आरसा खोटं बोलत नाही. मी तर म्हणतो, सतरा वर्षं मी एका बाईला तिचा अर्धा चेहरा दाखवला, याहून मोठं खोटं कोणतं? म्हणून सांगतो, मित्रांनो. मला पुसू नका, चालेल. माझा काळा कोपरा राहू दे. पण आज घरी जा, आईला आरशासमोर पाय टेकून उभं करा आणि विचारा, आई, तुला काय दिसतं? ती नुसतं "कपाळ" म्हणाली, तर बाबांची वाट बघू नका. हातोडी आणा.