चार खांद्यांची खाट

मित्रांनो, हरिदासच्या ओसरीत भिंतीला टेकवून ठेवलेली जुनी खाट ती मीच. पोंभुर्ण्याच्या बाजूला, जंगलात आमचं गाव आहे. माझे पाय सागाचे आणि दोरी अंबाडीची. ती दोरी गिरजाबाईने वळली आणि तिच्या नवऱ्याने, हरिदासने विणली.

गावाला गाडीचा रस्ता नाही. मध्ये नाला आहे. म्हणून आजारी माणसाची खाट अंगणात आली, की लोक न बोलावता धावतात. खाटेला बांबू बांधतात आणि चौघे खांद्यावर घेऊन आरोग्य केंद्रात नेतात. मी बाळंतिणी नेल्या, साप चावलेले नेले. लोक माझं कौतुक करायचे.

मग गिरजाबाईच आजारी पडली. अन्ननलिकेचा कर्करोग. नागपूरला जाऊन आली, उपाय संपले. आरोग्य केंद्राच्या डॉक्टर दीपिका नाला ओलांडून घरी यायच्या आणि माझ्या काठावर बसायच्या.

"डॉक्टरबाई, एक सुई टोचा अन् सोडवा मले," गिरजाबाई एकदा म्हणाली.

"ती सुई मी देणार नाही. तसा कायदा नाही. उद्या झाला, तरी माझा हात उठेल की नाही, मला माहीत नाही. पण अन्नासाठी नाकातून नळी तुम्हाला नको असेल तर ती कोणी घालणार नाही. दुखणं कमी करायचं औषध देईन. कुठे राहायचं ते तुम्ही सांगायचं."

"इथीच. अंगणात मोहाच्या झाडाखाली ऊन येते तिथी."

"मंग तुह्या भावाले तूच सांग," हरिदास म्हणाला. "धनराज मले खाऊन टाकन."

गिरजाबाई हसली. "तुमच्यात खायले हाय काय? हाडंच तं हायेत."

पण धनराजला सांगायचं राहूनच गेलं.

थंडीतल्या एका सकाळी तिला ऊन हवं होतं. हरिदासने मला मोहाखाली टाकलं, तिला माझ्यावर निजवलं आणि तो सरपणाला गेला. तेवढ्यात धनराजला अंगणात खाट दिसली, खाटेवर बहीण दिसली. त्याने हाका मारल्या. बांबू आले. चौघांनी मला उचललं.

"दादा, मी उन्हाले आली इथी," ती म्हणाली.

"बोलू नोको. दम लागते."

मी करकरले. माझ्याकडे कोण बघतो? तिच्याकडेच कोणी बघत नव्हतं.

हरिदासने धावत येऊन आम्हाला गाठलं ते आरोग्य केंद्राच्या दारात. डॉक्टरबाई गिरजाबाईपाशी वाकल्या. "कुठे राहायचं?"

"घरी."

"नळी घाला," धनराज म्हणाला. "माह्या बहिणीले उपाशी मारता काय?"

"त्या शुद्धीवर आहेत, धनराजभाऊ. त्या नको म्हणतात. औषध देते. घरी न्या."

पण नेणार कोण? बरं न होता त्या वाटेने आजवर कोणी जिवंत घरी परत गेलं नव्हतं. "लोक म्हणतीन, मरायले घेऊन आले," एकजण म्हणाला. डॉक्टरबाई चिडल्या, मग त्यांनी हात जोडले. आत एक बाळंतीण अडली होती, त्यांना आत जावं लागलं. हरिदास बांबू खांद्यावर घेऊन उभा राहिला. मला चार खांदे लागतात. एकच मिळाला.

गिरजाबाई तिथेच भिंतीकडे तोंड करून वारली. नळी घातली नाही, डॉक्टरबाईंनी शब्द पाळला. तिला घरी न्यायला मात्र आता चौघे होते, आणि खांदा बदलायला आणखी चौघे.

तेव्हापासून परवापर्यंत मी इथेच उभी होते. दोरी सैल झाली, धूळ बसली. मित्रांनो, मला पुसू नका, हवं तर. पण बांबू बांधण्याआधी माझ्यावर निजलेल्या माणसाला विचारा. एवढं अवघड आहे का ते?

परवा धनराज आला. "भाऊजी, खाट द्या. कलाबाईले ताप हाय, न्यायचं हाय." कलाबाई त्याची बायको.

हरिदासने माझा पाय धरून ठेवला. "तिले विचारलं काय?"

"बिमार माणसाले काय विचारायचं?"

"विचारून ये."

धनराज खाली मान घालून गेला आणि लगेच परत आला.

"ने म्हणते. लवकर ने म्हणते."

हरिदासने मला बांबू बांधला आणि पहिला खांदा दिला.